सरकारी चेक आणि शेतातला माणूस



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात अशी चाल आहे. आज ती चाल मोडते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. वयाच्या सतराव्या वर्षी जिनमध्ये रुईच्या गाठी उचलायला लागलो, पुढे युनियनच्या कामात पडलो, आणि जे काही थोडे वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिती सापडणार नाही. जे वाचून मला माझी एक चूक समजली, तेवढेच सांगावयाचे आहे.

आधी ती चूक सांगतो. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या जिनमध्ये हंगामी काम करणारा एक गडी होता. तो हंगामाबाहेर चार एकर वावर ठोक्याने करी. ठोक्याची रक्कम त्याने पेरणीआधीच मोजलेली. बियाणे त्याचे, फवारणी त्याची, निंदणाची मजुरी त्याची. अळी पडली, पंचनामा झाला, सरकारी मदत मंजूर झाली, आणि पैसे आले ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते त्याच्या खात्यात. हा गडी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, अळी आली माह्या कापसावर, अन् पैसे गेले त्याच्या खात्यात. हे कसं काय जी?"

मी त्याला अर्ज लिहून दिला. चांगला कडक अर्ज लिहिला. अर्ज वर गेला, वरून खाली आला, आणि चौकशी झाली ती मालकाकडे. मालकाने सांगितले, "वावर मी स्वतः करतो, हा माणूस मजूर आहे." लेखी काहीच नव्हते, तेव्हा प्रकरण तेथेच मिटले. पुढच्या पाडव्याला मालकाने वावर दुसऱ्याला दिले. मदत गेली ती गेली, माझ्या अर्जापायी त्याची जमीनही गेली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण पुष्कळ दिवस मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या एका गावी जाऊन पोहोचलो. आर्कान्सा नावाचे राज्य आहे. त्याच्या ईशान्येस पॉइन्सेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी समजा. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला हा सखल, पाणथळ मुलूख. जंगल तोडून, चर खणून पाणी काढले आणि तेथे कापसाचे मोठमोठे मळे झाले. मळा एकाचा, आणि त्यावर राबणारी कुटुंबे पुष्कळ, काही काळी तर काही गोरी. ती कुटुंबे अर्धेलीने शेती करीत. घर मालकाचे, खेचर मालकाचे, बियाणे मालकाचे. वर्षभराचा किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यावयाचा. वर्षाअखेरीस हिशेब होई. वही मालकाची, तराजू मालकाचा, आणि बहुधा हिशेबाअंती कुळाच्याच अंगावर बाकी निघे. हे आपल्याला नवे सांगावयाला नको. वह्यांची भाषा इंग्रजी होती, एवढाच फरक.

1929 नंतर जगभर मंदी आली. कापसाचा भाव 1932 च्या सुमारास पौंडाला साडेसहा सेंटांवर घसरला. शेतकरी बुडाला. 1933 च्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी 12 मे रोजी शेतीच्या मदतीचा कायदा झाला. त्याचे तत्त्व सोपे होते. पीक जास्त म्हणून भाव कमी. तेव्हा पीक कमी करा, आणि जो कमी करील त्याला सरकार पैसे देईल. परंतु कायदा होईपर्यंत कापूस पेरून झाला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला. असे सांगतात की खेचरांना जन्मभर शिकवले होते, कापसाच्या ओळीवर पाय द्यायचा नाही. ती ओळीवरून चालेनात. जनावराला जे पटेना ते माणसाला करावे लागले.

आता कोणी म्हणेल, हा निव्वळ वेडेपणा झाला. मी तसे म्हणणार नाही. कापसाचा भाव 1934 पर्यंत बारा सेंटांच्या घरात गेला. कित्येकांच्या जमिनी लिलावातून वाचल्या. सरकारने शेतकऱ्याच्या हातात पैसा द्यावा की नाही, हा आजचा वाद नव्हे. द्यावाच, या मताचा मी आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चेक कोणाच्या नावाने निघतो, तो कोणाच्या हातातून जातो, आणि ज्याने राबून पीक काढले त्याच्यापर्यंत किती पोहोचतो?

पॉइन्सेटमध्ये काय झाले ते पाहा. 1934-35 साठी सरकारने मालकांशी करार केले. जमिनीचा एक मोठा हिस्सा पडीक ठेवावयाचा, आणि त्या जमिनीवर जो कापूस झाला असता त्याच्या दर पौंडामागे साडेतीन सेंट भाडे आणि एक सेंट पूरक रक्कम द्यावयाची. भाडे सगळे मालकाचे. पूरक सेंट अर्धेलीच्या कुळाशी निम्मेनिम. म्हणजे साडेचार सेंटांपैकी मालकाला चार, कुळाला अर्धा. मालकाला आठ भाग, कुळाला एक. ज्या जमिनीवर कापूस पेरला तर कुळाला निम्मा मिळावयाचा, तीच जमीन न पेरण्याबद्दल त्याला नववा हिस्सा! आणि तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यावयाचा. उधारीची वही तेथे होतीच. पुष्कळांचा अर्धा सेंट त्या वहीतच जिरला.

दुसरी गोष्ट याहून वाईट. जमीन पडीक, तर माणसे कशाला? कराराच्या सातव्या कलमात लिहिले होते की मालकाने शक्य तोवर पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत आणि त्यांना घरात राहू द्यावे. परंतु "शक्य तोवर" हे शब्द कायद्यात आले की ते कोणाच्या उपयोगी पडतात हे युनियनच्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय उपद्रवी कुळाला काढण्याची मुभा होती, आणि उपद्रवी कोण हे प्रथम मालकच ठरवणार. तक्रार करावी तर ती ऐकणारी स्थानिक समिती मोठ्या जमीनदारांची आणि त्यांच्या स्नेह्यासोबत्यांची. सर्वांत मोठी गोम अशी की, करार सरकार आणि मालक यांच्यामध्ये होता. त्यावर कुळाची सही नव्हती. ज्याच्या पोटावर तो करार बेतला, तो त्या कागदावर कोठेच नव्हता.

टायरोंझा नावाचे लहानसे गाव याच काउंटीत आहे. तेथे दोन दुकाने शेजारी शेजारी होती. एक हॅरी मिचेल यांचे कपडे धुण्याचे, दुसरे क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप. दोघे समाजवादी विचारांचे. जवळच्या एका मोठ्या मळ्यातून कुळे काढली गेली, तेव्हा जुलै 1934 मध्ये गावाबाहेरच्या एका शाळेत अठरा माणसे जमली, अकरा गोरी आणि सात काळी. पहिला प्रश्न निघाला की युनियन एक करावयाची की दोन. 1934 सालच्या दक्षिणेत हा प्रश्न किती अवघड होता, हे आपल्याकडे पाणवठ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सहज कळेल. आयझॅक शॉ नावाचे एक वृद्ध काळे गृहस्थ त्या बैठकीत होते. 1919 साली त्याच राज्यातल्या एलेन येथे काळ्या कुळांनी संघटना केली, तेव्हा जी कत्तल झाली तीतून ते वाचले होते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा सांगतात की, मागच्या वेळी आम्ही एकटे होतो म्हणून मारले गेलो. या वेळी एकत्र राहू. युनियन एकच झाली. सदर्न टेनंट फार्मर्स युनियन हे तिचे नाव.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. या लोकांनी सातव्या कलमावर न्याय मागितला. न्यायालयात दाद लागली नाही. वॉशिंग्टनला शेतकी खात्यातले काही तरुण वकील कुळांच्या बाजूचे होते. त्यांनी कलमाचा अर्थ असा लावला की तीच माणसे जमिनीवर ठेवली पाहिजेत, केवळ तितकीच डोकी नव्हेत. फेब्रुवारी 1935 मध्ये त्या वकिलांचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांचे सहकारी यांना खात्यातून काढून टाकण्यात आले. चौकशीसाठी मेरी कॉनर मायर्स या बाईंना आर्कान्सात पाठवले होते. त्यांचा अहवाल खात्याने प्रसिद्धच केला नाही. गावात सभांवर मारहाण होऊ लागली. कचेरी नदीपलीकडे मेम्फिस शहरी हलवावी लागली.

कायदा गेला, न्यायालय गेले, खाते गेले. मग उरले काय? माणसे उरली. 1935 च्या सप्टेंबरात, कापूस फुटला तेव्हा, युनियनने वेचणीचा संप पुकारला. मालक शंभर पौंडांना चाळीस-पन्नास सेंट देत होते. मागणी एका डॉलरची होती. एका रात्रीत निरनिराळ्या गावांतून पत्रके वाटली गेली. सकाळी मालक पाहतात तो पत्रक सगळीकडे! ना मोर्चा, ना घोषणा. लोक नुसते घरी बसले. फुटलेला कापूस झाडावर थांबत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. पुष्कळ ठिकाणी दर पाऊण डॉलरवर गेला, काही ठिकाणी त्याहूनही वर. ज्यांना कराराच्या कागदावर जागा नव्हती, त्यांना पहिल्यांदा हिशेबात धरावे लागले.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. पहिला कायदा 1936 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि 1938 साली नवा झाला. तोपर्यंत ओरड पुष्कळ झाली होती, म्हणून नव्या व्यवस्थेत कुळाचा हिस्सा वाढवला. वाचताना मला बरे वाटले. पान उलटले आणि हात थांबला. हिस्सा वाढताच मालकांनी हिशेब केला की कूळ ठेवले तर चेक वाटावा लागतो. रोजंदार ठेवला तर सगळा चेक आपला. कुळे काढून रोजंदार ठेवण्यात आले. जानेवारी 1939 मध्ये शेजारच्या मिसूरी राज्यात हजाराहून अधिक माणसे, बायकापोरे घेऊन, चुली-बिछाने घेऊन, कडाक्याच्या थंडीत हमरस्त्याच्या कडेला जाऊन बसली. ओवेन व्हिटफील्ड या काळ्या धर्मोपदेशकाने त्यांना एकत्र केले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींनी पाहावे, हाच उद्देश. मूक निदर्शन ते.

माझ्या गड्याचे झाले ते हेच. हक्क कागदावर मागितला, मागे माणसे उभी नव्हती, आणि हक्काची किंमत मागणाऱ्यानेच मोजली. कुळाच्या बाजूचा नियमसुद्धा संघटना नसेल तर कुळालाच कापतो. मी एकट्याचा अर्ज लिहिला. गावातल्या सगळ्या ठोकेदारांना आधी एकत्र बसवावयास हवे होते. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाला हे अमेरिकेतल्या एका काउंटीने शिकवावे, ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

तुम्ही विचाराल, तिकडे आज काय? आज त्या मुलखात भात आणि सोयाबीन मोठ्या प्रमाणावर होते. कुळे नाहीत. चेकच्या पैशातून ट्रॅक्टर आले, पुढे कापूस वेचण्याची यंत्रे आली, आणि माणसे शहरांकडे गेली. चेक मात्र राहिला. रक्कम बहुतांशी एकरावर मोजली जाते, म्हणून ज्याचे एकर जास्त त्याला पैसा जास्त. माणशी कमाल मर्यादा आहे. पण भागीदारीत नावे वाढवली की मर्यादाही वाढते, आणि 2018 च्या कायद्याने चुलत-मावस भावंडे आणि पुतणे-भाचे यांनाही त्या नावांत सोय करून दिली. मधल्या काळात तर पूर्वी जमिनीवर काय पिकत होते एवढ्यावरच रक्कम मिळे. शेती न करणाऱ्यांना कोट्यवधी डॉलर गेल्याचे 2006 साली वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने उघडकीस आणले. तो प्रकार 2014 च्या कायद्याने बंद झाला. काळ्या शेतकऱ्यांना सरकारी कर्ज आणि मदत देताना स्थानिक कचेऱ्यांनी भेदभाव केला, या दाव्यावर 1999 साली सरकारला तडजोड करावी लागली.

त्या चेकचा धक्का आपल्या वावरापर्यंतही येतो. अमेरिकेचे कापसाचे अनुदान जागतिक भाव पाडते, अशी तक्रार ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत केली आणि जिंकली. 2003 साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या गरीब देशांनीही तेच गाऱ्हाणे मांडले. 2014 साली अमेरिकेने ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्यातले काय मिळाले, हे विचारू नका.

पण दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवून आपले अंगण स्वच्छ होत नाही. आपल्याकडे 2019 पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6000 रुपये देते, आणि 2023 साली महाराष्ट्र सरकारने त्यात आणखी 6000 ची भर घालण्याची योजना काढली. यात एक गोष्ट अमेरिकेपेक्षा चांगली आहे, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. रक्कम एकरावर नाही, कुटुंबावर आहे. दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला सारखेच. परंतु दाराशी पाटी तीच आहे: जमीन नावावर पाहिजे. ठोक्याने, बटईने, अर्धेलीने करणाऱ्याला प्रवेश नाही. शेतमजुराला तर नाहीच. 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी अकरा कोटी अठ्ठ्याऐंशी लाख आणि शेतमजूर चौदा कोटी त्रेचाळीस लाख होते. म्हणजे शेतीवर राबणाऱ्यांत मोठी संख्या ज्यांची, त्यांना शेतीच्या मदतीत जागा नाही. हे करताच येत नाही असेही नाही. ओडिशा सरकारने 2018 च्या अखेरीस जी योजना काढली, तीत वाटेकरी आणि भूमिहीन मजूर यांनाही धरले होते.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. पुष्कळ मालक लहान आहेत. कोणी विधवा आहे, कोणाचा मुलगा शहरात चाकरीला आहे. 1948 च्या कुळकायद्याने आणि 1957 च्या कृषकदिनाने कसेल त्याची जमीन झाली, हे फार मोठे काम झाले. पण तेव्हापासून लिहून दिले तर जमीन जाईल ही भीती घराघरात बसली आहे. म्हणून कोणी लिहून देत नाही, आणि दोन वर्षांनी माणूस बदलतो. कागद नाही म्हणून कर्ज नाही, विमा नाही, मदत नाही. यावर वाट आहे. आंध्र प्रदेशाने 2019 साली कायदा करून अकरा महिन्यांच्या लेखी कराराची सोय केली. मालकी मालकाची, आणि पिकावरचे हक्क पीक काढणाऱ्याचे. आपल्याकडे हे मागावयास काय हरकत आहे?

आम्ही आता काय करतो तेही सांगतो. आमची युनियन जिनच्या कामगारांची. वर्षानुवर्षे आम्ही दरवाजाच्या आतल्या माणसाचाच विचार केला. कापूस दरवाजाबाहेरून येतो, हे विसरलो. आता आम्ही गावोगाव एक साधी वही ठेवतो: कोण, कोणते वावर, कोणत्या हंगामात, कोणत्या बोलीने करतो. पहिल्या वर्षी बावीस नावे आली. मालकांच्या कानावर गेले आणि चौदा जणांनी, "भाऊ, आमचं नाव खोडा," म्हणून निरोप पाठवले. आम्ही खोडली. रागावलो नाही. ज्याला पाडव्याला वावर हवे आहे त्याच्यावर रागवावयाचा अधिकार मला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही एकेक नाव घेतले नाही. आख्ख्या गावाची बैठक झाल्याशिवाय वही उघडलीच नाही. एका गावात एकतीस जणांनी एकाच दिवशी नावे घातली. सगळ्यांनाच काढावयाचे तर वावर पेरणार कोण? त्या गावात अजून कोणाचे वावर गेलेले नाही. दोन मालकांनी तर आपणहून वहीत सही केली.

ही वही सरकारदरबारी चालत नाही, हे मला ठाऊक आहे. टायरोंझाच्या अठरा माणसांचा कागदही कोठे चालत नव्हता. आज त्या गावात त्या दोन दुकानांच्या जागी त्या युनियनचे संग्रहालय आहे. संग्रहालय होईपर्यंत थांबावयाची आमची इच्छा नाही. माझा तो गडी आज जिनमध्ये आहे, आणि एकतीस नावांच्या गावात त्याने दोन एकर ठोक्याने घेतले आहे. वहीत त्याचे नाव आहे. त्या खेपेला त्याने मला अर्ज लिहावयाला सांगितले नाही. "बाकीचे काय म्हणतात ते आधी पाहू," एवढेच म्हणाला. मी जे पुस्तकातून शिकलो ते तो वावर गमावून शिकला होता.

आपण येथे शहरातली शिकलेली माणसे बसला आहात. आपल्यापैकी पुष्कळांच्या नावावर गावी जमीन असेल आणि ती कोणीतरी करीत असेल. त्याच्या नावाने आलेली मदत आपल्या खात्यात पडली असेल तर ती त्याला पोचती करा, आणि त्याचे नाव एका कागदावर लिहून द्या. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. एवढे करावयाला कायदा लागत नाही.